थंड कपाटाच्या पोटातलं वारं

मुक्काम पिंपळगाव राजा, अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा बाजारवार

सौभाग्यवती विहीणबाई रुक्मिणीबाई यांना मनकर्णाबाईचा दोन्ही हातांनी रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याहीबुवांचा खोकला गेला, की अजून अकोल्याची अर्धी गल्ली जागी ठेवतो? त्यांना म्हणावं, अडुळशाचा काढा घ्या आणि विडीचं बंडल तुमच्या हातात द्या. काढा नाही घेतला तरी चालेल. इकडं सगळं बरं आहे. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं असं नूरजहां म्हणाली, म्हणून लिहू दिलं. खरं काय ते पुढं येईलच.)

नूरजहां म्हणजे आमच्या शेजारच्या युसूफची बायको. युसूफ बाजारात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करतो, आणि ही सातवी शिकलेली आहे. अक्षर असं काढते की मला वाचता येत नसून बघत बसावंसं वाटतं. एकच खोड आहे. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते, 'काऊन' म्हटलं की 'का' लिहिते. तेव्हा पत्रात मी पुण्याची वाटले तर घाबरू नका, आत माणूस तेच आहे.

आता मूळ गोष्ट. मला साखरेची बिमारी निघाली तेव्हा सगळ्यात जास्त तुम्ही हसला होता. लग्नात पंगतीला उभी राहून माझी जीभ कशी कारल्यासारखी चालत होती हे तुम्ही विसरला नाहीत, आणि अशा बाईच्या अंगात साखर सापडली म्हणजे डॉक्टरकडं बाटलीच बदलली असणार, असं तुम्ही म्हणालात. हे मला शालूनं सांगितलं. (शालू लेक तुमची असली तरी सून माझी आहे, एवढं ध्यानात ठेवून तिच्यापाशी बोलत जा.) तर त्या बिमारीला इन्सुलीन म्हणून औषध आहे. इवल्याशा बाटल्या, वर रबराचं बूच. दवाखान्यातला कंपाउंडर सहदेव रोज सकाळी येतो, सुई उकळतो, मला टोचतो आणि जाताना चहात साखर जास्त घाला म्हणतो, त्याच्या. हे औषध गरम झालं की त्याचा जोर जातो. आता आमच्या गावात चैताच्या उन्हात थंड राहते ती एक देवळातली फरशी, आणि तिच्यावर दुपारी कुत्री झोपतात. विजेचे खांब येऊन उभे आहेत, तारा यायच्या आहेत. तोवर गाई त्यांना अंग घासतात. म्हणून माझ्या भगवाननं नागपुरात, निघून गेलेल्या कुण्या साहेबाच्या बंगल्यावरून, हे रॉकेलवर चालणारं थंड कपाट घेतलं आणि मालमोटारीत कडब्याच्या पेंढ्यांत उभं करून इकडं पाठवलं.

तुम्ही ते पाहिलं नाही म्हणून सांगते. खाली रॉकेलची टाकी, तिच्यावर गोल वात, मागून धूर जायला नळकांडं. खाली दिवा पेटवायचा आणि वर बर्फ जमायचा, असा त्याचा कारभार. पहिल्या दिवशी मी त्याला हळदीकुंकू लावलं ते भक्तीनं नाही, भीतीनं. पायाखाली आग आणि डोकं थंड, असा कोणी मी या जन्मात पाहिला नव्हता. (तुमचे व्याही, म्हणजे आमचे हे, देवाघरी गेले म्हणून जास्त बोलत नाही, पण ते नेमके याच्या उलट होते.) आग आहे म्हणजे आग्नेय कोपऱ्यात हवी, म्हणून स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात ते उभं केलं.

जाताना भगवाननं बापाचा आवाज काढून मला सांगितलं, "आई, कपाट चालू तोवर तू इथं. ज्या दिवशी ते बंद पडेल त्या दिवशी नागपूर." मी हो म्हटलं, कारण तेव्हा ते कपाट माझ्यापेक्षा जास्त टिकेल असं दिसत होतं. नागपूरबद्दल माझी तक्रार नाही. शालू जीव लावते, भाजी माझ्या विचारानं करते, निदान विचारते तरी. पण तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं की माणसांची डोकीच दिसतात, तोंडं दिसत नाहीत. डोक्यांशी काय बोलायचं? आणि दुसरं म्हणजे मला आत्ता गाव सोडता यायचं नाही. या नूरजहांचे दिवस भरत आले आहेत. पहिलं पोर पोटातच गेलं. तिला माय नाही, माहेर असून नसल्यासारखं. 'तुझ्या उशाशी मी बसीन' असा शब्द मी तिला दिला आहे. (ती हे लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, पत्र माझं आहे.) म्हणजे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. कपाट चाललं तर मी इथं, मी इथं तर ही पोर एकटी नाही. एवढा सगळा भार एका वातीवर.

आणि ते कपाट पाडव्यापासून बिघडलं.

बिघडलं म्हणजे दिवा जळतच होता. रॉकेल पीतच होतं, उलट जास्त पीत होतं. पण आत हात घातला तर बाहेरच्यासारखंच. आधी वाटलं माझाच हात गरम आहे. मग लोण्याचा गोळा वाटीत पसरून बसलेला दिसला. औषधाच्या बाटल्या काढल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि माठाच्या गळ्याशी बांधून ठेवल्या. दिवसातून किती वेळा जाऊन त्या गालाला लावून बघत होते ते विचारू नका. सून बाळंत झाली तेव्हा नातवाचंही कपाळ मी एवढ्या वेळा बघितलं नव्हतं. भगवानला मात्र कार्डावर 'कपाट खुशाल आहे' एवढंच लिहवलं. नूरजहांनं लिहिलं आणि म्हणाली, आजी, खोटं लिहिलं की माझं अक्षर वाकडं येते. मी म्हटलं, येऊ दे, भगवानचं तुझ्याहून वाकडं आहे.

पहिला वैद्य युसूफ. त्यानं टाकी ओढून काढली, वात कातरली, नळकांड्यात काठीला चिंधी बांधून घातली आणि खालून वर अशी घासली की साहेबाच्या वेळची सगळी काजळी माझ्या दुधाच्या पातेल्यावर उतरली. मांजरानं ते दूध हुंगलं आणि माझ्याकडं बघून निघून गेलं. पण दिवा निळा झाला. निळा दिवा चांगला, पिवळा वाईट, असं युसूफचं शास्त्र. दोन्ही हात काळे करून तो म्हणाला, "आजी, बत्ती तर फस्कलास जळून राह्यली. बिमारी वरच्या डब्ब्यात हाय, तिथं आपला हात नाही." एवढं बोलून तो माझ्याच पोतेऱ्याला हात पुसून बाजारात गेला.

मग माझे दीर कडूबा आले. ते न बोलावता येतात, हा त्यांचा मोठा गुण. सगळ्या गावाची गुरं ते बघतात, आणि माणसांनाही त्याच नजरेनं बघतात. त्यांनी ठरवलं की रॉकेलात पाणी आहे. घरातलं सगळं रॉकेल काढलं, गाळलं, वास घेतला, थोडं जमिनीवर ओतून काडी लावली. जमीन पेटली. म्हणजे रॉकेल चांगलं होतं, आणि माझं स्वयंपाकघर थोडक्यात वाचलं. तेवढ्यात कपाटाचं दार आपोआप उघडलं. मी लोटलं, पुन्हा उघडलं. कडूबांनी बाहेरून बैलाचं दावं आणलं आणि कपाटाला पोटावरून बांधून टाकलं. तसं ते आणखीच आजारी दिसायला लागलं.

त्या दाव्याकडं बघत नूरजहां दारात उभी होती. (या दिवसांत तिला उभं राहायला मी मनाई केली आहे, पण ती ऐकते कुठं.) ती म्हणाली, "आजी, दार आपल्या मनानं उघडत नाही. कपाटच वाकलं." आम्ही परातीत पाणी घेऊन कपाटाच्या डोक्यावर ठेवलं. पाणी सगळं मोरीकडच्या काठाशी जाऊन बसलं, जसं काही त्याला तिकडं काम होतं.

आता इथं मला थोडं थांबून सांगावं लागेल, कारण तुम्ही विचारणारच. पाडव्याला मी घर सारवलं. चार महिने एक वस्तू माझ्या घरात उभी आहे आणि तिच्याखाली सारवण नाही, ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. तुम्हालाही दिली नसती. तुम्ही तर शालूच्या लग्नात मांडवाखालची जमीनसुद्धा पुन्हा सारवून घेतली होती. बाया बोलावून मी कपाट बाजूला घेतलं, खाली पांढरी माती आणि शेण घालून असं गुळगुळीत केलं की चेहरा दिसावा, आणि ते वाळायच्या आत, मुहूर्त टळू नये म्हणून, कपाट पुन्हा जागेवर ठेवलं. पुढचे दोन्ही पाय ओल्यात रुतले. मोरीचा उतार तिकडंच. झालं, साहेब झुकला. हे यंत्र वाकलं की त्याच्या पोटातलं पाणी म्हणा, वारा म्हणा, फिरायचं थांबतं, आणि न फिरलं तर थंडी कुठून येणार? हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की जमीन छान दिसते.

पायांखाली चपटे दगड घातले, परातीतलं पाणी मधोमध आणलं, दिवा लावला. आम्ही सगळे पुढं बसून राहिलो, पाहुणा जेवायचा थांबला आहे तसे. थंडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इकडं अखजी जवळ येत होती. अखजीला पितरांच्या घागरी भरायला भगवान दरवर्षी येतो. तो घरात आला की आधी देवाला हात जोडायचा; पण यंदा आधी कपाटात हात घालील हे मला दिसत होतं. मी नागपूरला न्यायचं गाठोडं कोणतं आणि मागं ठेवायचं कोणतं, असं मनात बांधायला लागले. पितळी डबा दोन्ही गाठोड्यांत जात होता. जेवणावरून मन उडालं. नूरजहां येऊन माझे पाय चेपायची, आणि मग मी तिचे सुजलेले पाय माझ्या मांडीवर घ्यायची.

शेवटी कडूबांनी कपाटाच्या पाठीला कान लावला. खूप वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडं वळून, बैलाच्या मालकाला सांगतात त्या आवाजात म्हणाले, "वैनी, चांगलं कपाट गुडगुडते. हे मुकं झालं. याच्या पोटात वारं धरलं." पोट फुगलेल्या बैलाला ते तोंडात आडवी काठी देतात, चढावर उभं करतात आणि जवसाचं तेल पाजतात. काठी आणि तेल मी नको म्हटलं. राहिलं उभं करणं. कडूबांचं म्हणणं पडलं की याला चढावर उभं करून भागणार नाही, उलटं करायला पाहिजे, म्हणजे अडलेलं वारं सुटेल. विहीणबाई, मी आजवर या माणसाचं काहीच ऐकलेलं नाही. त्यामुळंच आमचं घर टिकलं. पण बुडत्या माणसाला दीरसुद्धा चालतो. टाकी काढून घेतली, गोधड्या अंथरल्या, शेतावरची माणसं बोलावली आणि साहेबाच्या बंगल्यात राहिलेलं ते कपाट डोक्यावर उभं केलं. सगळं सामान बाहेर काढलं होतं. एक माझा ताकाचा गडू तेवढा आत राहिला. तो दारातून बाहेर आला तेव्हा कडूबा खालीच होते.

पण ते गुडगुडलं. खरंच सांगते. आतून असा आवाज आला जसं व्याहीबुवांनी पुरणपोळीनंतर अंगणात शतपावली करावी. कडूबांच्या मिशीवरून ताक ओघळत होतं आणि ते म्हणत होते, ऐका, ऐका. दिवसभर ते तसंच ठेवलं. जो तो येऊन कान लावून गेला. मग सरळ केलं, जरा विसावा दिला, पातळीत उभं केलं, दिवा लावला. आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला मी सहज आत हात घातला तर पोटरीपर्यंत शहारा आला.

थंडी आली, विहीणबाई. अशी आली की पेल्यातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ. कडूबा तेव्हापासून गावात असे चालतात की समोरून बैलगाडी आली तर गाडीनं बाजूला व्हावं. ते कसं बरं झालं हे त्यांना कळलेलं नाही आणि मी विचारत नाही. आता भगवान येऊ दे, हात घालू दे, हवं तर डोकं घालू दे. कपाट चालू आहे आणि मी इथं आहे. तुमच्या कानावर आलं असेल की कपाट बंद पडलं, तर तो सगळा खोटा बोभाटा समजा. व्याहीबुवांना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद. इकडं काळजीचं काहीही नाही.

तुमची,
मनकर्णाबाई

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. थंडी आली त्या आनंदात मी वात पुरी वर केली, आणि औषधाच्या बाटल्या मानाच्या जागी ठेवल्या, म्हणजे सगळ्यात वर, बर्फाच्या खणात. देवाला जसं वर बसवतो तसं. त्या गोठल्या. सहदेव म्हणाला तोवर मला काय माहीत, की हे औषध गरम चालत नाही तसं गोठलेलंही चालत नाही. गरम झालं तर रुसतं, थंड झालं तर मरतं. (असा जावई मिळाला असता तर काय केलं असतं?) मी त्या बाटल्या काढून, उन्हात न ठेवता, पदराच्या उबेनं पातळ केल्या आणि सहदेवला न सांगता त्याच टोचून घेत राहिले, कारण टाकून द्यायला जीव होईना. परवा सहदेवनं बाटली उजेडात धरली तर आत दही फाटल्यासारखं. खामगावात विचारलं, तिथं संपलंय. अकोल्याला मोठ्या दुकानात मिळतं. तर भगवानला काही न कळवता दोन बाटल्या घ्याव्या, थर्मासमध्ये बर्फ घालून, भुसा लावून, कोणा भल्या माणसाबरोबर अखजीच्या आत पाठवाव्या. भला माणूस नसेल तर व्याहीबुवांबरोबर. पत्र एवढ्यासाठी लिहिलं असं समजू नका. तुमच्या गुडघ्यांची चौकशी खरी आहे.

ता. क. दुसरा. रुक्मिणीबाई मावशी, नूरजहांचा सलाम. आजींनी पाणी प्यायला माठाकडं तोंड केलं आहे तेवढ्यात लिहिते. त्या सारखं पाणीच पितात. काल ओट्यावर बसल्या बसल्या कलंडल्या. मी हाक मारली तर मला शालूवहिनी समजून बोलत होत्या, डाळ शिजली का म्हणून विचारत होत्या. शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, डोळा लागला होता. सहदेवभाऊ म्हणतात, नवं औषध लवकर आलं नाही तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. कपाट चांगलं चालू आहे, त्याचा दोष नाही. भगवानदादांना तार करा. त्या माझ्यामुळं थांबल्या आहेत. माझ्यापाशी गावची सुईण आहे, युसूफची मावशी येईल, माझं होऊन जाईल. आजींनी मला दिलेला शब्द मी त्यांना परत दिला आहे. तोंडानं सांगितलं तर त्या मला घरातून हाकलून देतील, म्हणून तुम्हाला लिहून देते.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (हे मी बोलते तसंच लिहायला लावलं आहे. बोट धरून.) विहीणबाई, ही पोरगी मले न इचारता केव्हाची लिहून राह्यली. मी म्हटलं, काय लिहितं व माय? तर म्हणते, पत्ता. तुमचा पत्ता काही एवढा लांब नाही. वरून डोळे पुसते आणि म्हणते शाई गेली. शाई डोळ्यात जात नाही, एवढं मलेही समजते. तिनं काय लिहिलं ते मी वाचून घेणार नाही. कोण वाचून दाखवीन, हेच ना? तुम्ही वाचा. भगवानले सांगायचं तर सांगा. येऊ द्या त्याले. हिचं लेकरू एकदा रडलं की मी त्याच्या मोटारीत जाऊन बसतो, गाठोडं बांधलेलंच हाय. पण तोवर मले कोणी हालवायचं नाही, आणि तोवर माझ्याच्यानं एकटीनं निभत नाही, हे मी आजवर कोणाले म्हटलं नाही, तुम्हाले म्हणून राह्यली. बाटल्या दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नका. तुम्हीच घेऊन या आणि हिचं होतपर्यंत राहा. हे वाचून माझी कीव आली असंन तर घरीच बसा. हसू आलं असंन तर पहिल्या मोटारीनं या.